मायाक्काचा अंगठा

मी एक जुनी शाईची गादी आहे. गादी म्हटल्यावर पाठ टेकायला येऊ नका, मित्रांनो. माझ्यावर फक्त अंगठा टेकतात, तोही क्षणभर, आणि उचलला की जो तो शाई पुसायला भिंत शोधतो. सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत माझं सगळं आयुष्य गेलं. सध्या मी तिथल्याच एका लाकडी कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. शेजारी एक तुटकी पट्टी आहे आणि लाखेच्या कांडीचा उरलेला तुकडा. दोघांनाही बोलायची सवय नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

माझा जन्म अडचणीतून झाला. कचेरीला लागणारी गादी विलायतेहून येई, पुण्यामार्गे. एका वर्षी ती आलीच नाही. कागद अडले, लोक ओट्यावर बसून राहिले आणि मामलेदारसाहेब चिडले. तेव्हा शरणप्पा शिपायानं आपली अक्कल चालवली. नव्या पेठेत कंदील आणि पत्र्याचे डबे करणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यानं तळहाताएवढी डबी करून घेतली, वर बिजागरीचं झाकण. आत घालायला मऊ काहीतरी हवं होतं. शरणप्पाच्या घोंगडीचा एक कोपरा उंदरानं कुरतडला होता. तो कोपरा त्यानं कापला, त्याच्या घड्या घातल्या, वर मिलचं मांजरपाट ताणून शिवलं आणि शाई ओतली. अशी मी बाहेरून घासलेटचा डबा आणि आतून मेंढराची लोकर. झाकणाच्या आतल्या बाजूला अजून त्या डब्यावरच्या चित्रातलं अर्धं चाक दिसतं.

मला चार दिवसांच्या सोयीसाठी केलेलं होतं. विलायती गादी आल्यावर मला फेकूनच देणार होते. पण ती आली, दोन उन्हाळ्यांत वाळून कोरडीठाक झाली, आणि मी मात्र शाई पीत राहिले. लोकर शाई धरून ठेवते. एकदा मामलेदारसाहेबांनी एक कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, ‘‘अंगठा असा उठला पाहिजे.’’ त्या दिवशी शरणप्पा संध्याकाळपर्यंत मिशीला पीळ भरत होता. मलाही बरं वाटलं. तेव्हा मला अजून काही काही वाटत असे.

माझं टेबल जन्ममरणाच्या कारकुनाचं. त्यांचं नाव चनबसप्पा. गावोगावचे पाटील आपापल्या गावात कोण जन्मलं आणि कोण वारलं ते लिहून ठेवत, आणि ती पुस्तकं या कचेरीत येऊन पडत. कुणाला जमिनीला वारस म्हणून नाव लावायचं असे, कुणाला नोकरीसाठी वय दाखवायचं असे. मग ते माणूस इथं येई. चनबसप्पा पुस्तक काढून नोंद शोधत, तिची नक्कल लिहीत, आणि ज्याला सही येत नसे त्याचा अंगठा घेत. त्यांची एक सवय होती. एक काम झालं, की मान वर न करता ते म्हणत, ‘‘पुढं.’’ माणूस लहान मुलाच्या मरणाचा दाखला घेऊन वळलेलं नसे, तोवर ‘‘पुढं.’’ त्यांच्या मनात वाईट नव्हतं. रोज तेच केल्यावर ज्वारीचा भाव विचारावा तसं मेलेल्याचं वय विचारलं जातं.

मी तरी वेगळी कुठं होते? पहिल्या वर्षी मी प्रत्येक अंगठ्याला दचकायचे. मागावर बसणाऱ्याचा अंगठा गुळगुळीत, मिलमध्ये जाणाऱ्याच्या अंगठ्याच्या खाचांत कापसाचे तंतू, मोटेचा नाडा धरणाऱ्याचा तर लाकडासारखा. कुणाचा थरथरायचा, कुणाचा घामेजलेला असायचा. मी प्रत्येकाची चौकशी मनातल्या मनात करायचे. मग एकेक करून ते थांबलं. अंगठा यायचा, जायचा. शाई कमी झाली की शरणप्पा ओतायचा. बायको गेली, बाप गेला, पाळण्यातलं पोर गेलं, सगळ्यांना एकच काळा रंग. मी बधिर झाले होते आणि बधिर झाले आहे हेही मला कळत नव्हतं. मित्रांनो, अशी कितीतरी वर्षं गेली, आणि त्यांतलं सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नाही. सांगण्यासारखं आहे ते पुढचं एवढंच.

सदतीस सालचा उन्हाळा होता. एक पोरगा आला. अठराच्या आसपासचा, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. वहाणा त्यानं दाराबाहेर काढल्या होत्या, देवळात शिरावं तशा. मंद्रूपकडच्या एका धनगरवाड्यातला होता.

‘‘काय पाहिजे?’’ चनबसप्पांनी विचारलं.

‘‘वयाचा दाखला, सायब. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात काम लागतंया. तितं म्हनले, जल्माची नक्कल घिऊन ये.’’

‘‘नाव?’’

‘‘बिरप्पा धुळाप्पा कोळेकर.’’

चनबसप्पांनी त्या वाड्याची पुस्तकं मागवली. त्या काळी जन्माच्या नोंदीत पोराचं नाव नसे. बारसं व्हायच्या आधीच पाटील ‘मुलगा, बाप अमुक’ एवढं लिहून मोकळा होई. धुळाप्पाला मुलगा झाल्याच्या दोन नोंदी निघाल्या, दोघांत तीन वर्षांचं अंतर. म्हणून चनबसप्पांनी मरणाचं पुस्तकही काढलं आणि बोट फिरवत वाचलं.

‘‘बिरप्पा धुळाप्पा. वय दोन वर्षं. मानमोडीच्या साथीत मयत.’’

मानमोडी म्हणजे अठरा सालची ती तापाची साथ, मित्रांनो. तुमच्या आजीला विचारा, ती विषय बदलेल.

‘‘त्यो मीच,’’ पोरगा म्हणाला.

चनबसप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. ‘‘तू कसा? हा मेलाय.’’

‘‘व्हय. पर मी परत आलो.’’

शेजारच्या टेबलावरचे कारकून हसले. दारातला शरणप्पाही हसला. पोरगा गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला. आपण काही चमत्कारिक बोललो असं त्याला वाटतच नव्हतं. त्यांच्या घरात ही गोष्ट, विहीर कुठं आहे हे माहीत असावं तशी सगळ्यांना माहीत होती. तो म्हणाला, ‘‘आय म्हनती, मी मानमोडीत गेलो आन परत तिच्याच पोटी आलो. म्हनून नाव त्येच ठिवलं.’’

हसणं जरा ओसरल्यावर चनबसप्पा म्हणाले, ‘‘अरे बाबा, तो तू नव्हेस. तो तुझा भाऊ.’’

पोरगा त्या पुस्तकाकडे बघत राहिला. इतका वेळ, की चनबसप्पा ‘‘पुढं’’ म्हणायचे राहिले. त्यांनी त्याला समजावून सांगितलं. कागदावर एक बिरप्पा आहे तो मेलेला. दुसरा मुलगा आहे त्याला नाव नाही. रेल्वेच्या साहेबाला लिहून काय देणार? धाकट्याच्या जन्माच्या नकलेबरोबर थोरल्याच्या मरणाचा दाखला काढायचा, आणि त्याच्या पाठचा मुलगा तो हाच, त्याचंही नाव बिरप्पाच, असा घरच्या माणसाचा जबाब जोडायचा. मग काम होईल.

‘‘बाप आहे?’’

‘‘गेल्या साली वारला.’’

‘‘आई?’’

‘‘हाय की.’’

‘‘मग तिला घेऊन ये. तिचा अंगठा लागेल. कारखान्यातले कधीपर्यंत थांबतील?’’

‘‘ह्यो म्हैना. मंग दुसरा गडी घेत्यात.’’

जायला निघालेला तो पुन्हा वळला आणि म्हणाला, ‘‘सायब, त्ये लिवलेलं मला दाखीवता?’’ त्याला थोडंफार वाचता येत होतं. चनबसप्पांनी पुस्तक फिरवून धरलं. पोरानं त्या ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. ‘बिरप्पा’पाशी तो बराच वेळ थांबला. स्वतःचंच नाव, पण ते त्याचं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी तो आईला घेऊन आला. मायाक्का तिचं नाव. उंच, वाळलेली, तोंडावर कसलीच हालचाल नसलेली बाई. तिच्या अंगाला मेंढराचा वास होता, आणि माझ्या पोटातल्या लोकरीला तो ओळखीचा वाटला. ती टेबलासमोर उभी राहिली आणि भिंतीकडे बघत राहिली.

चनबसप्पांनी नक्कल लिहून तयार ठेवली होती. माझं झाकण उघडून त्यांनी मला पुढं सरकवलं.

‘‘बाई, तुमचा थोरला मुलगा बिरप्पा मानमोडीच्या साथीत वारला. बरोबर ना?’’

‘‘न्हाय,’’ मायाक्का म्हणाली.

‘‘इथं लिहिलंय.’’

‘‘लिवलं आसंल. ह्यो काय तुमच्याम्होरं हुबा हाय.’’

‘‘हा धाकटा.’’

‘‘ह्योच त्यो. धाकला न्हाय न् थोरला न्हाय. मला येकच हाय.’’ ती शांतपणे बोलत होती. ‘‘त्याला न्यायच्या आदी म्या तव्याखालची काजळी घिऊन बोटानं त्याच्या टाचंला लावली. म्हनलं, परत आलास तर वळकाया पायजे. आन आला की! दाखीव रं पाय.’’

पोरानं मान खाली घालून डावा पाय उचलला. टाचेवर बोटाच्या टोकाएवढा काळा डाग होता. शेजारचे कारकून उठून बघून गेले. या वेळी कुणी हसलं नाही.

चनबसप्पांनीही वाकून डाग बघितला. ‘‘डाग आहे खरा,’’ ते म्हणाले. ‘‘पण बाई, सरकारात परत येणं नसतं. येणं आणि जाणं, दोनच पुस्तकं. तिसरं मी कुठून आणू? अंगठा लावा, नाहीतर पोराची नोकरी जाईल.’’

मायाक्कानं डाव्या हाताची मूठ वळली. अंगठा आत दडवला, लहान मुलं खाऊ लपवतात तसा.

‘‘म्या अंगटा लावला, म्हंजी म्याच त्याला मारल्यागत. म्या न्हाय मारनार.’’

‘‘तो मेलाय, बाई!’’

‘‘तुमच्या पुस्तकात मेलाय.’’

 चनबसप्पांनी पुस्तक मिटलं. मायलेक बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तेवढ्यात मिलचा दुपारचा भोंगा झाला आणि कारकून डबे सोडायला उठले. शरणप्पानं माझ्यात नवी शाई ओतली आणि ती मुरावी म्हणून मला उघडीच खिडकीत ठेवलं. ती खिडकी ओट्यावर उघडते. म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

पोरानं फडक्यातली भाकरी सोडून आईपुढं ठेवली. तिनं हात लावला नाही. त्यानंही खाल्ली नाही. 

‘‘आये,’’ तो म्हणाला, ‘‘त्याला पुरला कुटं?’’

‘‘कुनाला?’’

‘‘थोरल्याला.’’

तो शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नसावा. मायाक्का दचकली नाही, रागावली नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तशा कोरड्या आवाजात म्हणाली, ‘‘वड्याच्या काटाला. बाबळीच्या बुडाला. वर धोंडं रचलं हुतं. कोल्ही उकरत्यात.’’

‘‘म्हनून तू त्या अंगाला मेंढरं न्हेत न्हाईस?’’

‘‘व्हय.’’

‘‘त्यो तितं हाय. आन मी हितं बसलोय. मंग आमी दोगं न्हाय का?’’

 ओट्यावर एक बकरी चढली होती, तिला शरणप्पानं हाकललं. मग मायाक्का बोलू लागली. तिचा आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता.

‘‘वाड्यात घरटी मानसं मरत हुती. येक न्हेऊन परत येस्तवर दुसरं. रडाया कुनाला सवड हुती? तुजा बा तापानं फनफनत हुता. मेंढरं वागरीच्या जाळीत उपाशी वरडत हुती. त्यो माज्या मांडीवर गार झाला. म्या म्हनलं, ह्यो गेला न्हाय, ह्यो येनार हाय, वाट बगायची. वाट बगनारं मानूस उटतंय, चूल पेटवतंय, मेंढरं सोडतंय. गेला म्हनलं आसतं तर म्या उटलेच नसते, बिरा.’’

‘‘आन मंग मी आलो.’’

‘‘आन मंग तू आलास. डाग घिऊन आलास. म्या काय करू?’’

पोरगा पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. तो शब्द शोधत होता, आणि असले शब्द मेंढरांमागं फिरताना लागत नसतात. शेवटी तो म्हणाला, ‘‘तू मला हाक मारतीस ना, तवा मला वाटतंय, माज्या मागं कोनतरी हुबा हाय. मी कवा चुकलो तर तू म्हनायचीस, पयल्या डावाला तू असा नव्हतास. मला त्यो पयला डाव ठावंच न्हाय, आये.’’

‘‘राग धरलास व्हय?’’

‘‘न्हाय. मला भाऊ हुता आन मला म्हाईत नव्हतं, याचं लई वाईट वाटतंय.’’ मग तो जरासा हसला, रडू आवरायला माणसं हसतात तसा. ‘‘मला माजा म्हनून येक डाव जल्माला घाल की.’’

मित्रांनो, मी पत्र्याची डबी. माझ्यात काय हलणार? पण मी ते ऐकलं आणि मला ते लागलं. किती वर्षांनी काही लागलं, ते मला सांगता येणार नाही.

कारकून परत आले. शरणप्पानं मला उचलून टेबलावर ठेवलं. मायाक्का आपण होऊनच आत आली आणि मघाशी उभी होती तिथंच उभी राहिली.

‘‘काय लिवलंय त्ये वाचून दाखवा,’’ ती म्हणाली.

चनबसप्पांनी पुस्तक उघडलं. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, गाव वाचलं. वय दोन वर्षं. कारण ताप. वार सोमवार.

‘‘सोमवार हुता,’’ मायाक्का म्हणाली. ‘‘मला शनवार वाटत हुता.’’

‘‘खबर देणार, बाप धुळाप्पा,’’ चनबसप्पांनी शेवटचं वाचलं आणि नेहमीप्रमाणे पुस्तक मिटायला गेले.

‘‘थांबा. कुनी सांगितलं म्हनलासा?’’

‘‘बापानं. तुमच्या नवऱ्यानं. तो स्वतः पाटलाकडं जाऊन सांगून आलाय.’’

मायाक्काच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. ‘‘अंगात ताप आसताना? पाटलाचं गाव कोस-दीड कोस हाय.’’

‘‘इथं तसंच लिहिलंय, बाई.’’

‘‘म्हंजी त्येस्नी ठावं हुतं.’’ ती पोराकडे वळली. ‘‘तू आलास तवा म्या म्हनलं, बगा, त्योच आला. त्यांनी तुला उचलून घेतलं आन म्हनले, व्हय, त्योच हाय. जल्मभर व्हय म्हनले. मला कवा बोलले न्हाईत. येकल्यानंच मनात वागवलं की रं त्यांनी त्या गेल्याल्याला.’’

पोरानं तिचा दंड धरला. चनबसप्पा लेखणी हातात धरून बसले होते आणि त्यांच्या मागं आणखी चार माणसं ताटकळत होती. त्यांनी घाई केली नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, त्या माणसानं घाई केली नाही याचं मला नवल वाटलं.

मायाक्कानं मूठ उघडली.

नेहमी शरणप्पा अंगठा धरून माझ्यावर दाबायचा, कारण लोक नुसता टेकवतात आणि ठसा फिका उठतो. तो पुढं झाला होता, पण तिनं त्याला हात लावू दिला नाही. तिनं स्वतःच अंगठा ठेवला. लोकर कातून कातून त्याच्या टोकाला एक खोल चीर पडली होती. तो गार होता. तो माझ्यावर बराच वेळ राहिला. तान्ह्या पोराला खाली ठेवताना आई हात लगेच काढून घेत नाही, तसा तो राहिला. मग तिनं तो उचलला आणि चनबसप्पांनी दाखवलेल्या जागी कागदावर ठेवला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मित्रांनो, आणि वाईट वाटतंय म्हणून बरंही वाटलं.

मरणाचा दाखला झाला. आता जबाब राहिला होता. चनबसप्पांनी नवा कागद घेतला आणि गाव, जात, धंदा असं विचारत विचारत लिहीत गेले. मायाक्का एकेका शब्दात उत्तरं देत होती.

‘‘एकंदर मुलं किती झाली?’’

 लेखणी कागदावर थांबली. दारातला शरणप्पा पुढं झुकला.

‘‘दोन,’’ मायाक्का म्हणाली.

‘‘हयात?’’

‘‘येक.’’

‘‘नावं सांगा.’’

‘‘थोरला बिरप्पा,’’ ती म्हणाली, आणि मग पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला जरा पुढं केलं. ‘‘आन ह्यो धाकला. ह्योबी बिरप्पाच. पर ह्यो येगळा.’’

चनबसप्पांनी ते तसंच लिहिलं. शेवटचे शब्द जबाबात लागत नव्हते, तरी लिहिले, आणि खाली तिचा अंगठा घेतला.

पोरानं जन्माच्या नकलेसकट तिन्ही कागद घडी करून पटक्यात खोवले. मायाक्का तिथंच उभी होती. ‘‘त्यो थोरल्याचा हाय त्यो मला ऱ्हाऊ द्या,’’ ती म्हणाली. तो कागद तर कुर्डुवाडीला न्यायचा होता. चनबसप्पांनी पुन्हा लेखणी बुडवली आणि दुसरी नक्कल लिहून तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटा धरला होता. पोरानं तो सुलटा करून दिला आणि ओळीवर बोट ठेवून दाखवलं, ‘‘ह्ये बग. ह्यो त्यो.’’

ती पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर तिनं बसकण मारली. मग जो हंबरडा फोडला तो सगळ्या कचेरीनं ऐकला. ‘‘माज्या थोरल्या रं... माज्या राजा रं...’’ वाड्यात माणूस गेल्यावर बायका जसं नाव घेऊन रडतात तसं ती रडत होती, एकटीच, भर उन्हात, अठरा सालचं. कचेरीच्या आवारात कुणी रडू लागलं तर शरणप्पानं त्याला बाहेर काढायचं, असा नियम होता. शरणप्पा गेला तो हातात पाण्याचा तांब्या घेऊन, आणि तांब्या पायरीवर ठेवून परत आला. धाकटा बिरप्पा आईजवळ बसला होता. आधी नुसताच बसला होता, मग तोही रडू लागला. भाऊ गेल्यावर भाऊ रडतोच.

त्याला कुर्डुवाडीला काम लागलं, एवढं शरणप्पाकडून नंतर कळलं. मायाक्काचं मला काही कळलं नाही. ती पुन्हा कचेरीत आली नाही, आणि न येणं चांगलंच.

पुढच्या साली निळ्या डब्यातली नवी विलायती गादी आली. ती चांगली आहे, तिचा ठसा स्वच्छ उठतो. मला शरणप्पानं फेकलं नाही. झाकण लावून या खणात ठेवलं. झाकण नीट बसत नाही, बिजागरी सैल झाली आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी या कचेरीत कामाला लागलं आणि खालचा खण उघडला, तर तेवढं झाकण दाबून लावा. उघडी राहिले की मी वाळते. माझ्यासाठी एवढंच मागणं आहे.

दुसरं मागणं तुमच्या घरासाठी आहे. पुष्कळ घरांत, तुम्ही यायच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं. त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. आईला निवांत असताना, हातात काही काम नसताना विचारा, ‘‘माझ्या आधी कोण होतं गं?’’ तिनं विषय टाळला तर हट्ट करू नका. पण तिनं नाव सांगितलं, तर ते नाव तिच्यासमोर एकदा मोठ्यानं घ्या, आणि मग ती जे बोलेल ते ऐकत तिच्याजवळ बसा.